शिंपल्यातला धागा

मेणवलीकर | शनिवार, सकाळी ७:४०

आमच्या आजीकडे खरवड काढायचा एक शिंपला होता. कृष्णेतला. तळहात भरेल एवढा, बाहेरून काळपट तपकिरी, आतून निळसर चकचकीत, वापरून वापरून एका बाजूची कड झिजलेली. दुधाचं पातेलं रिकामं झालं की आजी त्याने बुडाची खरवड काढायची आणि ज्याची पाळी असेल त्याच्या हातावर ठेवायची. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा तो फडताळात सापडला. इकडे घेऊन आलो. आत्ता टेबलावर समोरच आहे.

इकडे म्हणजे कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतात, किचनर गावात. (नाव खरंच किचनर आहे, स्वयंपाकघराशी संबंध नाही.) गावाला लागून ग्रँड नदी वाहते, पुढे ईरी सरोवराला मिळते. पोटापाण्याचं काम संगणकाचं, पण दोन उन्हाळे मी या नदीतले शिंपले मोजायला स्वयंसेवक म्हणून जातोय. छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवायची, काचेच्या बुडाचा डबा पाण्यावर टेकवायचा आणि वाकून तळ न्याहाळायचा. पहिला तासभर नुसते दगड दिसतात. मग दोन दगडांमध्ये एक बारीक फट दिसते, कडेला झालर असलेली, आणि आपली सावली पडली की ती मिटते. एकदा डोळा बसला की मग सगळीकडे दिसायला लागतात.

यातल्या एका जातीच्या प्रेमात पडलोय. लॅम्पसिलिस फॅसिओला. मादी आपल्या मांसल पडद्याची कड बाहेर काढून अशी हलवते की हुबेहूब छोटा मासा वाटावा, डोळ्याच्या ठिपक्यासकट. बास नावाचा मोठा मासा खायला झडप घालतो आणि त्याच्या तोंडात शेकडो अळ्या उडतात. त्या अळ्या माशाच्या कल्ल्यांना चिकटून काही आठवडे राहतात, बदलतात, मग गळून तळाशी पडतात आणि तिथून शिंपल्याचं आयुष्य सुरू होतं. म्हणजे मासा नाही तर शिंपला नाही. ज्या प्राण्याला डोकंच नाही त्याने हे जमवलंय!

हिवाळ्यात काम प्रयोगशाळेत, शिंपल्यांच्या अंगात प्लास्टिकचे बारीक कण गेलेत का ते शोधायचं. जास्त आढळणाऱ्या जातीचे, रीतसर परवानगी काढून आणलेले थोडे शिंपले असतात. मांस दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (एक जळजळीत क्षार) पाण्यात दिवस-दोन दिवस कोमट ठेवायचं. मांस विरघळतं, प्लास्टिक बहुतेक करून टिकतं. मग गाळायचं आणि गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली. जानेवारीतल्या एका संध्याकाळी मला तिथे एक निळा धागा दिसला. केसापेक्षा बारीक, दीडेक मिलिमीटर लांब, एका टोकाला पिंजलेला. मी आधी अंगातला स्वेटर तपासला. (तिथे पांढरा सुती कोटच घालावा लागतो आणि शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवतात, हवेतून काय पडतंय ते कळायला. नाहीतर शिंपल्यापेक्षा आपल्याच कपड्यांचा हिशोब लागायचा.)

तो धागा आत कसा गेला असेल? शिंपला मागच्या बाजूने पाणी आत ओढतो. कल्ल्यांवरच्या लाखो केसाळ पेशी ते पाणी हलवतात, कण चिकट स्रावात अडकतात आणि तोंडाजवळच्या पाळ्यांच्या दोन जोड्यांपाशी पोचतात. तिथे निवड होते. शेवाळ, जिवाणू आत. वाळू, नको ते बाहेर. बाहेर टाकलेला माल स्रावात गुंडाळून तळाशी सोडला जातो, त्याला शास्त्रीय नाव आहे पण मी खोटी शी म्हणतो. पोटातून गेलेली ती खरी शी. ही निवड बरीच हुशार असते, पण फसते. आणि युरोपातला मोत्याचा शिंपला दिवसाला ५० लिटरपर्यंत पाणी गाळतो आणि शंभरी सहज ओलांडतो. जागचा न हलता, एवढी वर्षं, एवढं पाणी. नदीत काय काय येऊन गेलं ते त्याच्याइतकं कोणाच्या अंगाला लागत असेल?

म्हणून हा धागा काढला (कोटीबद्दल माफी). तुमच्या नदीत शिंपले आहेत का? शेवटचा जिवंत शिंपला कधी पाहिलात?

---

अळूचं_फतफतं | शनिवार, सकाळी ८:०५

पयला! वाचनखूण साठवली. आम्ही शिंपल्याने कैऱ्या सोलायचो. पाठीचा फुगवटा दगडावर घासून घासून भोक पाडायचं, की झालं सोलाणं. सालीची लांब पट्टी निघायची. आता जिवंत शिंपला म्हणाल तर... शेवटचा कधी पाहिला, आठवत नाही. हेच उत्तर समजा.

---

चौकस_बोका | शनिवार, सकाळी ९:३०

लेख छान पण मुद्द्याचं सांगा. प्लास्टिक खाऊन शिंपला मरतो का? हल्ली आईच्या दुधात प्लास्टिक, ढगात प्लास्टिक, अशा बातम्या रोज येतात. सापडणं आणि अपाय होणं यात फरक आहे ना? माझ्या पोटात कालची शेवभाजी सापडेल, म्हणून मी मेलो नाही.

---

मेणवलीकर | शनिवार, सकाळी १०:१५

बोकोबा, प्रश्न योग्य आहे आणि उत्तर तुम्हाला आवडेल: बहुतेक प्रयोगांत मरत नाही.

२०१८ साली झेब्रा शिंपल्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १ आणि १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे गोल मणी पाण्यात सोडून सहा दिवस शिंपले ठेवले. मणी पोटात तर गेलेच, तिथून ऊतींत आणि रक्तासारख्या द्रवातही पोचले. परिणाम? पेशींवरचा ताण किरकोळ बदलला, डोपामीन (मज्जातंतूंचं निरोप्या रसायन) वाढलं. मृत्यूचं तांडव वगैरे काही नाही.

पण तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, प्रयोगात वापरतात गोल गुळगुळीत मणी, नदीत असतात धागे आणि तुकडे. दुसरी, प्रयोगातली मात्रा पुष्कळदा नदीतल्यापेक्षा कैक पटींनी जास्त असते, म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. झेब्रा शिंपला हा मुळात काटक घुसखोर. १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि बघता बघता महासरोवरं व्यापली. इथल्या मूळच्या शिंपल्यांच्या पाठीवर थरावर थर बसून त्याने त्यांना मारलं. त्याच्या अळ्या पाण्यात मोकळ्या तरंगतात, त्याला माशाची गरज नाही. अशा गड्यावर प्रयोग करून नाजूक जातींबद्दल निष्कर्ष काढायचा म्हणजे पैलवानाला ताप आला नाही म्हणून बाळंतिणीला पावसात उभं करण्यासारखं आहे.

आणि नुसता गढूळपणाही शिंपल्याला त्रासच देतो. त्यामुळे चांगल्या प्रयोगात एका टाकीत प्लास्टिक, दुसरीत तेवढीच नैसर्गिक माती घालून बघतात. हे न करता काढलेले निष्कर्ष मी जरा लांबूनच वाचतो.

---

चौकस_बोका | शनिवार, सकाळी १०:४०

हे आवडलं. बाळंतीण वगळता.

---

निवृत्त_मास्तर | शनिवार, दुपारी १२:२०

मेणवलीकर, तुमचा आजीचा शिंपला वर्णनावरून लॅमेलिडेन्स वाटतो. आम्ही बी.एस्सी.ला त्याचंच विच्छेदन करायचो. प्रयोगशाळेचा शिपाई आदल्या दिवशी संध्याकाळी सायकलवरून नदीवर जायचा आणि बादलीभर घेऊन यायचा. पंचवीस विद्यार्थी, पंचवीस शिंपले, विकत घेण्याचा प्रश्नच नाही. मी पुढे पस्तीस वर्षं शिकवलं. निम्म्यावर आलो तेव्हा शिपायाला दोन दिवस आधी जावं लागे. मग बाहेरगावाहून मागवायला लागलो. शेवटी शेवटी तक्त्यावरच विच्छेदन. अभ्यासक्रमातून प्राणी काढला त्याची कारणं वेगळी, पण नदीने तो आधीच काढला होता.

आता माझं मत थोडं कडवट आहे, रागावू नका. तुम्ही तिकडे शिंपल्याच्या पोटातले धागे मोजताय, कारण तुमच्याकडे शिंपला शिल्लक आहे. आपल्याकडे नदीत त्याच्यावर काय काय आलं ते बघा. वाळू उपशाने तळच नेला. हा प्राणी राहतो तळात रुतून, म्हणजे घरच उचलून ट्रकात भरलं. दर काही मैलांवर बंधारा, त्यामागे साचलेलं पाणी आणि चिखल. बंधाऱ्याने मासे अडले, म्हणजे अळ्यांची गाडी बंद. उन्हाळ्यात गावाचं सांडपाणी तसंच नदीत, पाण्यातला प्राणवायू खलास. प्लास्टिकचा नंबर लागेपर्यंत रुग्ण गेलेला असतो. प्लास्टिक निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे साक्षीदार आधी मेला आणि पुरावा नंतर आला, एवढंच म्हणतोय.

---

मेणवलीकर | शनिवार, दुपारी ३:०० (इकडे पहाट)

सर, रागावतो कसला. इथलीही कथा अगदी वेगळी नाही. किचनरच्या सांडपाणी केंद्राच्या खालच्या अंगाला संशोधकांना कित्येक किलोमीटर जिवंत शिंपला सापडला नव्हता, तर वरच्या अंगाला होते. संशय प्लास्टिकवर नव्हता, अमोनिया आणि कमी प्राणवायूवर होता. शिंपल्याची पिल्लं अमोनियाला इतकी हळवी असतात की अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१३ साली गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा बदलली, ती मुख्यतः शिंपले आणि गोगलगायींकडे बघून. इथल्या केंद्रात नंतर सुधारणा झाल्या. आणखी एक इथला खास शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला टनावारी मीठ टाकतात, ते नदीत येतं आणि अळ्यांना मारतं.

तेव्हा "रुग्ण आधीच आजारी" हे मान्यच. माझं म्हणणं एवढंच की आजारी माणसाच्या ताटात वाळू मिसळली तर काय होतं तेही बघायला हवं. शिंपला कण निवडतो, गुंडाळतो, बाहेर टाकतो, याला ऊर्जा लागते. पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगी काही लागत नाही. धडधाकट शिंपल्याला हे परवडतं. प्राणवायू कमी, पाणी तापलेलं, वर अमोनिया, अशा वेळी परवडेल का, हे तपासणारे प्रयोग कमी आहेत.

---

सूताडे | शनिवार, सायंकाळी ५:४५

मी इचलकरंजीचा, चार लूमचा कारखाना. तुमच्या निळ्या धाग्याबद्दल लिवलंय म्हणून बोलतो, शिंपल्यातलं मला काय कळत नाय.

लूमवर सुताची घुस उडते ती डोळ्यानं दिसते. शिफ्ट संपली की भुवया पांढऱ्या. आमच्या वडलांच्या वेळेला सगळं कॉटन, आता पॉलिस्टरचं मिक्स बरंच आलंय. कॉटनची घुस आखूड, मऊ, ओली झाली की गोळा होऊन बसते. पॉलिस्टरचा धागा वढून तुटत नाय, पिंजतो. तुमचा एका टोकाला पिंजलेला होता म्हणालात, म्हणून इचारतो. कशाचा निघाला मग?

---

मेणवलीकर | शनिवार, सायंकाळी ६:३०

सूताडेभाऊ, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा. आणि उत्तर थोडं फजितीचं आहे.

डोळ्याने ओळखता येत नाही. अवरक्त किरणांच्या यंत्रावर प्रत्येक पदार्थाची ठेवण वेगळी दिसते, तिथे तो धागा ठेवला. निघाला कापूस. निळीने रंगवलेला कापूस, म्हणजे बहुतेक कोणाची तरी जीन्स! टोरोंटोच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलंय की एक जीन्स एका धुण्यात साधारण ५६,००० तंतू सोडते, आणि तसे निळे तंतू त्यांना महासरोवरांच्या गाळापासून थेट आर्क्टिकच्या गाळापर्यंत सापडले. कापूस असला तरी रंग आणि प्रक्रियेची रसायनं त्याला चिकटलेली, म्हणून तो कुजायला वेळ लावतो. म्हणजे माझ्या पहिल्या "प्लास्टिक"च्या शोधाचं असं झालं. त्याच गाळणकागदावरचा दुसरा, बिनरंगाचा धागा मात्र पॉलिएस्टरच होता. तो मला आधी दिसलाच नव्हता.

---

गोधडी | शनिवार, रात्री ८:१०

अय्या, म्हणजे आमच्या धुण्याचे धागे शिंपल्याच्या पोटात? सिंथेटिक कपड्यांचा काही आकडा आहे का?

---

मेणवलीकर | शनिवार, रात्री ८:४०

ताई, आहे. २०१६ साली इंग्लंडात प्लिमथच्या दोघांनी मोजलं: अॅक्रिलिकचे सहा किलो कपडे एकदा यंत्रात धुतले की सात लाखांवर तंतू सुटू शकतात. त्यातले एक रिचर्ड थॉम्पसन, ज्यांच्या २००४ च्या निबंधामुळे मायक्रोप्लास्टिक हा शब्द सगळीकडे रूढ झाला. (पाच मिलिमीटरपेक्षा छोटं ते मायक्रो, असा सर्वसाधारण संकेत.)

सांडपाणी केंद्र यातलं बहुतेक पकडतं. ग्लासगोजवळच्या एका केंद्राने ९८ टक्क्यांवर कण अडवले होते. पण साडेसहा लाख लोकवस्तीचं पाणी, त्यामुळे उरलेल्या दीड टक्क्यात रोजचे साडेसहा कोटी कण नदीत. आणि अडवलेले जातात गाळात, तो गाळ पुष्कळ ठिकाणी शेतात.

आमच्या प्रांतातच पॅरी साउंड नावाच्या छोट्या गावात ९७ घरांच्या धुलाईयंत्रांना गाळणी बसवून बघितली. गावातली जेमतेम दहा टक्के घरं. तरी गावाच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यातले तंतू ४१ टक्क्यांनी कमी झाले. मी घरी बसवलीय. दर पंधरा दिवसांनी गाळणीतून ओल्या उंदरासारखा राखाडी गोळा निघतो. बायको म्हणते, तो टेबलावर आणून दाखवत जाऊ नकोस.

---

सूताडे | शनिवार, रात्री ९:०५

कापूस निघाला ह्ये वाचून बरं वाटलं आणि वाईट पण वाटलं. पंचगंगेचं काय सांगायचं, ते सगळ्यांना म्हाईत आहे. २०१२ ला गावात कावीळ आली तवा माझा मेव्हणा बारा दिवस दवाखान्यात होता. शिंपल्याचं मास्तर म्हणतात तेच खरं.

---

तिरफळ | रविवार, सकाळी ७:१५

तुम्ही सगळे घाटावरचे, खरवड काढून शिंपला फडताळात ठेवता. आम्ही आतलं खातो! तिसऱ्या, कालवं, शिनाणे. खाऱ्या पाण्यातले असले तरी नातेवाईकच ना? आणि मासा साफ करताना पोट काढून टाकतो, तिसरीचं पोट कोण काढतो? सगळं एकवट सुक्यात जातं. आई तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवते वाळू सोडायला, तेव्हा प्लास्टिक पण सुटतं का? आज रविवार आहे, लवकर सांगा, बाजारात जायचंय.

---

मेणवलीकर | रविवार, सकाळी ७:५०

जा बिनधास्त. स्वच्छ पाण्यात ठेवल्यावर पोटातले कण बरेचसे बाहेर पडतात, सगळे नाही. आईची पद्धत शास्त्रीयच आहे.

आणि एक गंमत. २०१८ साली स्कॉटलंडच्या शिंपल्यांवर एक निबंध आला. ब्रिटनमधला माणूस वर्षभरात शिंपल्यांतून साधारण १२३ कण खातो असा अंदाज निघाला. त्याच लोकांनी जेवताना घरातल्या धुळीतून ताटात किती पडतात तेही मोजलं. तो अंदाज वर्षाला १३ हजारांपासून ६८ हजारांपर्यंत. म्हणजे पडदे आणि सोफा आपण तिसऱ्यांपेक्षा जास्त खातो.

---

तिरफळ | रविवार, सकाळी ७:५५

पडद्याचं सुकं करून बघते. धन्यवाद.

---

आभाळमाया_७ | रविवार, सकाळी ११:३०

खुळचट वाटेल, पण विचारते. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो ही कविकल्पना झाली, पण बाहेरचा कण आत गेला की मोती होतो हे तर शास्त्र आहे ना? मग प्लास्टिकच्या कणांचे मोती का होत नाहीत?

---

मोतीशेती | रविवार, दुपारी १:००

ताई, खुळचट नाही, हे मी सांगतो. मी विदर्भात शेततळ्यात गोड्या पाण्यातल्या मोत्यांची शेती केलीय. केलीय म्हणजे बुडवलीय.

मोत्याची चकाकी शिंपल्याचा पडदा सोडतो, मांस आणि कवच यांच्या मधला. कण तिथे अडकला तरच त्याच्यावर थर चढतात. तुमचे धागे जातात कल्ल्यात आणि पोटात, तिथे थर चढवणारं कोणी नसतं. पोट फक्त पुढे ढकलायचं जाणतं.

पण प्लास्टिकवर मोती होतो बरं का. आम्ही तेच करतो! गणपतीच्या आकाराचा साचा शिंपल्याच्या भुकटीत चिकटद्रव्य नाहीतर दंतवैद्याची अॅक्रिलिक पावडर मिसळून बनवतात. शिंपल्याचं तोंड अलगद, सेंटीमीटरभर, त्याहून जास्त नाही, उघडून तो पडद्याखाली सरकवायचा. नंतर आठ-दहा दिवस औषधाच्या पाण्यात. मग नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत, पीव्हीसीच्या पाइपाला टांगून, मीटरभर खोल, वर्ष-दीड वर्ष. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने हे तंत्र आपल्याकडे आणलं. मी मात्र एका खाजगी शिबिरात शिकलो. तिथल्या लोकांनी दोन दिवसांत सगळं शिकवलं आणि मोती परत विकत घ्यायचं वचन दिलं. शिबिर संपलं तसा फोनही बंद झाला. हजार शिंपल्यांपैकी पहिल्या उन्हाळ्यात सातशे गेले. तळ्याला हिरवा तवंग आला होता, पहाटे प्राणवायू संपायचा.

मेलेले काढताना बघितलं, नायलॉनच्या पिशव्या उन्हाने इतक्या भुरभुरीत झालेल्या की बोटांत चुरा व्हायचा. तो चुरा कुठे गेला हे तेव्हा मनात आलं नाही. आज हा धागा वाचताना आलं.

---

अळूचं_फतफतं | रविवार, दुपारी १:३०

या प्रतिसादाचा वेगळा लेख व्हायला हवा. +१०००

---

झटपट_रावसाहेब | रविवार, दुपारी ४:१५

सगळे रडताय कशाला? उपाय समोर आहे. शिंपला पाणी गाळतो ना? नदीत लाखो शिंपले सोडा, प्लास्टिक आपोआप साफ. सरकारी योजना काढा, बचत गटांना द्या. खर्च शून्य.

---

निवृत्त_मास्तर | रविवार, दुपारी ४:५०

रावसाहेब, ज्या पाण्यात होते ते मेले, त्यात लाखो कुठून आणून सोडणार? आणि दुसऱ्या नदीतले इथे आणून सोडायचे म्हणजे तिकडची नदी रिकामी करायची.

---

मेणवलीकर | रविवार, सायंकाळी ६:१०

कल्पना अगदीच हवेतली नाही. इंग्लंडात समुद्रातल्या निळ्या शिंपल्यांवर असे प्रयोग झालेत. कण शीमध्ये बांधले जातात, शी जड असते, खाली बसते, ती गोळा करायची. समुद्रात टोपल्या टांगून, खाली ताट लावून, हे होऊ शकतं.

नदीत मात्र मला एक गोष्ट खटकते. मोठा शिंपला वाहत्या पाण्यातला कण पकडून स्रावात गुंडाळून स्वतःच्या पायाशी टाकतो. प्लास्टिक नाहीसं होत नाही, नुसतं पाण्यातून तळात येतं. आणि तळात कोण असतं? त्याचीच पिल्लं. माशावरून गळून पडल्यावर पहिली काही वर्षं पिल्लू वाळूत पुरलेलं असतं. त्याचे कल्ले अजून तयार नसतात, ते पायावरच्या केसांनी आजूबाजूचा गाळ झाडून तोंडात घेतं. म्हणजे वरच्याने गाळून टाकलेलं खालच्याच्या ताटात. याचं पुढे काय होतं हे मोठ्या शिंपल्यांवरच्या सहा दिवसांच्या प्रयोगातून कळणार नाही.

चीनमध्ये यांगत्सेच्या मधल्या आणि खालच्या पट्ट्यात एकवीस ठिकाणी छोटे कॉर्बिक्युला शिंपले तपासले होते, एकेका जिवात सरासरी अर्ध्यापासून पाचपर्यंत कण. त्यांनी शिंपल्याला गाळणी म्हणून नाही, मोजपट्टी म्हणून वापरलं. मला तो वापर पटतो.

---

चौकस_बोका | रविवार, रात्री ९:२०

टायरचं काय? रस्त्यावर झिजतो तोही मायक्रोप्लास्टिकच म्हणतात ना?

---

मेणवलीकर | रविवार, रात्री ९:५०

हो. टायरमधलं एक रसायन हवेतल्या ओझोनशी मिळून ६पीपीडी-क्विनोन बनतं. पावसात ते ओढ्यात आलं की कोहो जातीचे सामन मासे काही तासांत मरतात, हे २०२० साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उघड झालं. हेच रसायन प्रयोगशाळेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला दिलं तर त्याला तातडीने काही झालं नाही. वाचला म्हणावं, तर त्या किनाऱ्यावरच्या मोत्याच्या शिंपल्याच्या अळ्या ज्या माशांवर वाढतात त्यात हा कोहोही आहे.

---

निवृत्त_मास्तर | पुढचा रविवार, दुपारी १:४०

धागा वर काढतोय. आज सकाळी नातवाला घेऊन गावाच्या वर सात-आठ मैल गेलो होतो, जिथे अजून खडकाळ तळ आहे आणि बंधाऱ्याची फुगी पोचत नाही. माझी दृष्टी आता तेवढी नाही. नातवाने स्टीलच्या डब्याचं बूड कापून काच बसवून घेतली, तुमचा लेख वाचून. दोन तासांत अकरा रिकामी टरफलं. बहुतेक लॅमेलिडेन्सची, तीन पारेसियाची, ती गोलसर, शेंड्याला नागमोडी सुरकुत्या असलेली. काठावर चहाचे कप आणि गुटख्याच्या पुड्या होत्या हे वेगळं सांगायला नको.

बारावा उचलताना नातू ओरडला, "आबा, हा मिटला!"

तळहातापेक्षा थोडा लहान. वाढीच्या कड्या मोजल्या तर सहा-सात भरल्या. हा बंधाऱ्यानंतर जन्मलेला आहे, म्हणजे याला वाहून आणणारा मासा इथे अजून आहे! मी पस्तीस वर्षं ज्याचं पोट फाडायला शिकवलं तो हातात घेऊन दहा मिनिटं नुसता बसलो होतो. मग परत सोडला. नातू विचारतोय, कसा ठेवायचा असतो? आडवा ठेवला ते बरोबर का?

---

मेणवलीकर | पुढचा रविवार, दुपारी १:५५

सर!! आडवा ठेवला तरी चालतं, पाय काढून तो स्वतः रुतून बसतो. पण पाणी ओढतं असेल तर रुतायच्या आत वाहून जातो. नातवाला सांगा, शेंड्याजवळची आखूड गोल बाजू खाली वाळूत, लांब बाजू वर, आणि फट प्रवाहाच्या वरच्या अंगाला. निम्मा आत जाईल एवढाच दाबायचा. तुम्ही अजून तिथेच असाल तर एकदा बघून या.

---

निवृत्त_मास्तर | पुढचा रविवार, सायंकाळी ५:३०

परत गेलो होतो. तिथे नाही. वीतभर अंतरावर वाळूत एक चर होता, त्याच्या टोकाला फट. मिटली.